व्याह्यांच्या ट्रॅक्टरचं हेड

या घराण्यात आजवर ज्या काही गोष्टी सांगितल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक हेडमास्तरांच्या तोंडून निघाल्या आणि सगळ्याच्या सगळ्या लोकांनी मुकाट्यानं गिळल्या. चढावर एक ट्रॅक्टर इतका उभा झाला की चालवणाऱ्यानं बसल्या जागेवरून स्वतःच्या घराच्या छपरावर पाय टेकले, ती गोष्टसुद्धा. आता जी सांगायची, ती मात्र कोणी म्हणजे कोणी मानणार नाही. हवी तर पैज लावा. आणि नेमकी तीच घडलेली आहे.

त्या सकाळी हेडमास्तर गॅरेजमधल्या कामाच्या टेबलासमोर हात मागं बांधून उभे होते. शाळेशी त्यांचा संबंध लहानपणीच सुटला होता. हेडमास्तर हे नाव त्यांना ट्रॅक्टरच्या सिलिंडर हेडांवरून, म्हणजे इंजिनावरच्या जड टोपणांवरून, पडलं होतं. टेबलावर होणाऱ्या व्याह्यांच्या ट्रॅक्टरचं हेड उताणं पडलं होतं. बाहेर अंगणात तो ट्रॅक्टर डोकं काढल्यासारखा उभा होता, म्हणजे डोकं काढूनच उभा होता. व्याह्यांनी ट्रॅक्टर परत पाठवून निरोप धाडला होता : आतलं सगळं उघडून ठेवा, मी स्वतः येऊन बघणार. मग लग्नाचं काय ते बोलू.

लग्न पुतणीचं होतं. तिला सगळे ठिणगी म्हणत, कारण ग्राइंडर तिच्या हातात असला की तेवढंच दिसे.

आता झालं होतं असं. व्याही रोपवाटिकावाले. त्यांच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरचं हेड गॅस्केट उडालं, म्हणजे हेड आणि खालच्या ब्लॉकच्या मधला तो पातळ पत्रा जळाला. नात्यातलंच गॅरेज आहे म्हणून त्यांनी विश्वासानं ट्रॅक्टर पाठवला. काम एका दुपारचं : हेड उतरवा, नवं गॅस्केट घाला, हेड चढवा, नमस्कार करा आणि पाठवून द्या. पण या गॅरेजचा एक नियम आहे. हेडमास्तरांच्या वडिलांनी घालून दिलेला. इथून कुठलंही हेड आलं तसं परत जात नाही. वडिलांनी एकदा विहिरीवरच्या पंपाचं हेड असं काही सुधारलं होतं की पंप बंद केल्यावर विहीर बराच वेळ धापा टाकत होती.

हेड टेबलावर आलं आणि काका-पुतणीनं एकमेकांकडं पाहिलं. पथ्यावर असलेली दोन माणसं मिठाईच्या दुकानासमोर एकमेकांकडं पाहतात, तसं.

"काका, फक्त गॅस्केट," ठिणगी म्हणाली.

"फक्त गॅस्केट," हेडमास्तर म्हणाले. "पण जरा बोट फिरव आतून. काय हे ओतकाम! आत कंगोरेच कंगोरे. बिचाऱ्याला जन्मापासून सर्दी आहे."

हेड म्हणजे इंजिनाचं नाक, असं ते नेहमी सांगत. हवा आत जायच्या वाटा, ज्यांना पोर्ट म्हणतात, कारखान्यात ओतल्या जातात तेव्हा खडबडीत राहतात. इंजिन मग आयुष्यभर चोंदलेल्या नाकानं जगतं. ठिणगीनं ते पोर्ट घासले. मग घासलेच आहेत तर म्हणून व्हॉल्व्ह थोडे मोठे बसवले. मोठे व्हॉल्व्ह आले म्हणून त्यांच्या सीट, म्हणजे ते टेकतात त्या कडा, नव्यानं तीन कोनांत कापल्या. सीट कापल्याच आहेत तर म्हणून हेडचा तळ मशीनवर हलकासा तासून, म्हणजे फेस करून आणला, त्यानं दाब वाढला. एवढी हवा येणार तर डिझेलही जास्त पचणार, म्हणून डिझेलपंपाचा स्क्रू अर्धा फेरा. या सगळ्या वेळात हेडमास्तर खुर्चीत बसून गोष्टी सांगत होते आणि मधून मधून "वा" म्हणत होते. काम सगळं पोरीचं.

राहता राहिली कणीक. हेडचा तळ तासला की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात; आदळले तर इंजिनाचा चुरा. म्हणून पिस्टनवर काहीतरी मऊ ठेवायचं, हेड बसवायचं, इंजिन हातानं फिरवायचं, हेड पुन्हा काढायचं आणि दबलेला गोळा किती जाड राहिला ते मोजायचं. बाकीचे लोक यासाठी मुलांची खेळायची रंगीत माती वापरतात. या घरात काकूंनी मळलेली कणीक वापरतात. तेलाचा हात लावलेली, ना सैल ना घट्ट. तीन पिस्टन, तीन गोळे. दोन मोजून झाले, आणि तिसऱ्याच्या वेळी ठिणगीला तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला, हेडमास्तरांना एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती ऐकायला शेजारचा शिंपी येऊन बसला. परत आल्यावर तिला वाटलं, तिसरा गोळा काकांनी काढला. काकांना वाटलं, तिनं.

इंजिन चालू केलं तेव्हा सगळ्या गल्लीत ताज्या भट्टीचा वास सुटला. शिंपी घरात गेला आणि लोण्याची वाटी घेऊन बाहेर आला. हेडमास्तरांना वाटलं, काकूंनी काहीतरी बेत केलाय. काकूंना वाटलं, शेजारी बेकरी निघाली. ट्रॅक्टर मांजरासारखा गुरगुरत घरी गेला.

तिथं रोपवाटिकेतल्या प्लास्टिकच्या शेडचा एक खांब कलला होता. व्याह्यांनी खांबाला साखळी बांधली, दुसरं टोक ट्रॅक्टरला अडकवलं, आणि विहीणबाईंना, त्या घरात ट्रॅक्टर त्याच चालवत, "जरा ओढा, हळू" असं सांगून स्वतः आत कलमं बांधायला बसले. विहीणबाईंनी रोजच्या सवयीनं पाय दाबला. आणि शेड, लोखंडी पाइप, रोपं, कुंड्या आणि मधोमध स्टुलावर बसलेले व्याही असा अख्खा संसार जागेवरून उठला, फाटकातून बाहेर पडला, रस्ता ओलांडून गेला आणि समोर राहणाऱ्या निवृत्त पोस्टमनच्या अंगणात जाऊन थांबला. एक कुंडी कलंडली नाही. व्याह्यांना एवढंच जाणवलं, की ऊन आज भलत्या बाजूनं येतंय. पोस्टमन बाहेर आला, त्यानं शेड खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "सही कुठं करायची?"

तेव्हापासून विहीणबाई एक अक्षर बोलल्या नव्हत्या, असं नवऱ्यामुलानं फोनवर सांगितलं होतं. म्हणून आज काय बोलायचं ते ठरवायला सगळं घर गॅरेजमध्ये जमलं होतं.

"गॅस्केट बदललं," धाकटा भाऊ म्हणाला. "बास. एवढंच बोलायचं."

हा ठिणगीचा बाप. त्याला हँडब्रेक म्हणत, कारण या घरात काहीही सुरू झालं की आधी तो ओढला जाई.

"कोणी काही विचारलं तर गॅस्केट. तब्येत कशी आहे विचारलं तरी गॅस्केट."

"आणि शेड?" काकूंनी विचारलं.

"वारा."

"वाऱ्यानं शेड रस्ता ओलांडून गेलं?"

"वहिनी, वाऱ्याला कोण अडवतंय?"

"वारा!" हेडमास्तरांना खरोखर लागलं. "एवढी मोठी घटना, आणि तू वारा सांगणार? जरा तरी लाज ठेव. निदान भूकंप सांग."

"दादा, तू तर तोंडच उघडायचं नाहीस."

"बाबा, हेड मी केलंय," ठिणगी म्हणाली.

"तू काही केलं नाहीस. तू स्वयंपाकघरात होतीस."

"स्वयंपाकघरातून काकूनं मला केव्हाच हाकललंय."

"दूध उतू घालवलंस, हाकलू नको तर काय करू?" काकू म्हणाल्या. पण लगेच त्यांचा आवाज मऊ झाला. "पोरी, बाप म्हणतो ते ऐक. आज हात घासून धू, तो ग्राइंडर पोत्याखाली टाक. एकदा लग्न होऊ दे, मग सांग जगाला."

"लग्न झाल्यावर तिथं मी काय करू? कुंड्या पुसू?"

"मुलगा आवडतो ना तुला?"

ठिणगीनं हेडवरची धूळ फडक्यानं टिपली. हेडमास्तरांनी ते पाहिलं. मुलगा आवडतो, चांगलाच आवडतो. पोर्ट घासताना त्याचा फोन आला तर ती ग्राइंडर बंद करते, आणि ग्राइंडर ती बापासाठीसुद्धा बंद करत नाही. त्या मुलाला हे काम ठाऊक होतं. कोड्यात घातलं होतं ते त्याच्या आईबापांनी. हे लग्न मोडलं तर ते आपल्या बापाच्या नियमापायी आणि आपल्या त्या 'जरा बोट फिरव आतून'पायी मोडेल, ही गोष्ट हेडमास्तरांच्या छातीवर ब्लॉक ठेवल्यासारखी बसली होती. रात्रंदिवस गोष्टी सांगणारा माणूस. पण आज त्यांना एकही रंगवावीशी वाटत नव्हती.

"मी गॅस्केट म्हणेन," ते म्हणाले. "पोरीसाठी म्हणेन. पण तोंडाला चव राहणार नाही सांगतो."

तेवढ्यात फाटक वाजलं.

व्याही पुढं होते. बारीक, नीटस माणूस. बोटांना मातीचा वास आणि बोलण्याला कात्री. मागून विहीणबाई आल्या. उंच, रुंद, हाताची घडी घातलेली, ओठ मिटलेले. हँडब्रेकनं खुर्च्या पुसल्या. काकूंनी चहा आणला. विहीणबाईंनी चहा घेतला आणि कप हातात धरून त्या थेट हेडकडं बघत बसल्या.

"मुलगा नाही आला?" काकूंनी विचारलं.

"पोस्टमनच्या अंगणात आहे," व्याही म्हणाले. "पाणी घालतोय. शेड अजून तिथंच आहे. पोस्टमन म्हणतो, राहू दे, सावली छान पडते."

हँडब्रेक हसला. व्याही हसले नाहीत, म्हणून तो अर्ध्यात थांबला आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

"तर," व्याही म्हणाले, "ट्रॅक्टरचं काय केलंत?"

"गॅस्केट बदललं," हँडब्रेक म्हणाला.

"गॅस्केट बदललं," काकू म्हणाल्या.

"गॅस्केट," हेडमास्तर म्हणाले. शब्द इतका कोरडा निघाला की त्यांना स्वतःलाच ठसका लागला.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग माझा ट्रॅक्टर, जो भरलेली ट्रॉली ओढताना सुस्कारे टाकायचा, तो माझ्यासकट शेड घेऊन का पळाला?"

"वारा," हँडब्रेक म्हणाला.

व्याह्यांनी खिशातून रुमाल काढला, गुडघ्यावर ठेवला आणि सावकाश उलगडला. आत एक काळपट, तपकिरी, फुगलेला गोळा होता. एका बाजूला त्यावर व्हॉल्व्हचा गोल ठसा उमटला होता, बिस्किटावर छाप असतो तसा स्वच्छ.

"हा पाव," व्याही म्हणाले, "माझ्या सायलेन्सरमधून निघाला."

हेडमास्तरांनी ठिणगीकडं पाहिलं, ठिणगीनं हेडमास्तरांकडं. 'मला वाटलं तुम्ही', 'मला वाटलं तू', एवढं सगळं दोघांच्या डोळ्यांत एका क्षणात बोलून झालं.

"मी झाडांतला माणूस," व्याही म्हणाले. "मला इंजिनातलं कळत नाही. पण इंजिनात पाव होत नाही, एवढं कळतं. की गॅस्केटबरोबर मिळतो?"

"काही कंपन्यांच्या..." हँडब्रेकनं सुरुवात केली.

"आणि पाव तरी कसला!" व्याह्यांनी गोळा टेबलावर आपटला, टण्ण आवाज झाला. "चामडं आहे चामडं. कुत्र्याला घातला. त्यानं हुंगला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मीच मळलाय. ज्यानं कोणी मळला त्याला मळता येत नाही."

इथं हँडब्रेकनं डोळे मिटले. कारण त्यानं वहिनींचा चेहरा पाहिला होता.

"काय म्हणालात?" काकू म्हणाल्या.

"वहिनी..."

"तुम्ही गप्प बसा भावोजी. काय म्हणालात व्याहीबुवा? मळता येत नाही?" काकू उठून टेबलापाशी आल्या, त्यांनी तो गोळा उचलला आणि नखानं टोकरला. "कणीक माझी आहे. या हातांची. आजवर तिला कोणी नाव ठेवलं नाही. ही मोजायला दिली होती, खायला नाही! पिस्टनवर ठेवून जाडी बघायची आणि काढून टाकायची. आता या दोघांनी ती आत विसरून इंजिन पेटवलं, धड आच नाही की धड वेळ नाही, तर चामडं होणारच. भाजणं यांचं वाईट, मळणं माझं नाही!"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. त्या खाली बसल्या आणि गोळा पदरात लपवला, जणू त्यानं आता काही उपयोग होणार होता.

"म्हणजे," व्याही हळूच म्हणाले, "पिस्टनवर ठेवून जाडी बघायची. गॅस्केट बदलताना?"

"गॅस्केट बदलताना नाही," ठिणगी म्हणाली. "हेड फेस केल्यावर."

"तू आत जा!" हँडब्रेक ओरडला.

"फेस म्हणजे? कोणी केलं? 'या दोघांनी' म्हणजे कोणी?" व्याह्यांची मान एकेकाकडं वळू लागली. "स्पष्ट सांगतो. ज्याच्या हाताला असली खाज आहे, तो हात माझ्या घरात येणार असेल तर मला आजच कळू दे. आमच्याकडं नाजूक गोष्टी असतात. उद्या पाण्याचा पंप सुधारला तर माझी रोपं पाण्याच्या धारेनं पोस्टमनच्याही पलीकडं जातील. मी हे लग्न करणार नाही."

हँडब्रेकनं तेवढ्यात बाजू बदलली. आयुष्यात तो इतक्या झटकन कधी सुटला नव्हता.

"दादानं केलं," तो म्हणाला. "सगळं दादानं. मी सांगतच होतो, फक्त गॅस्केट. ऐकत नाही हो कोणाचं. म्हातारपण. पोरगी हातसुद्धा लावत नाही. हो ना दादा?"

हेडमास्तरांनी भावाकडं पाहिलं. मग ठिणगीकडं. ती लाल झाली होती आणि तिचं तोंड उघडत होतं. आता ती बोलणार, आणि लग्न संपणार. हेडमास्तरांच्या छातीवरचा ब्लॉक अचानक सरकला. गॅस्केट सांगणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नव्हतं. पण हे? याला अंगण होतं, याला आभाळ होतं.

"हो," ते म्हणाले आणि खुर्ची पुढं ओढून घेतली. "मीच केलं व्याहीबुवा. तुमच्यापासून काय लपवायचं? ऐका."

"काका!" ठिणगी दातांतल्या दातांत म्हणाली. "तो पोर्ट माझा आहे."

"पोरगी हट्ट करत होती, काका नको, राहू द्या. पण मला रात्री झोप येईना. हेड या टेबलावर होतं आणि मी तिकडं आत, तरी मला त्याचं नाक वाजलेलं ऐकू येत होतं. उठलो. दिवासुद्धा लावला नाही."

"अंधारात?" व्याह्यांनी न राहवून विचारलं.

"ठिणग्यांच्या उजेडात. एक संपायच्या आत दुसरी. असा घासला, असा घासला, की शेवटी त्या पोर्टमधून नुसता पलीकडचा रस्ताच नाही, त्या रस्त्यावरून उद्या कोण जाणार तेही दिसायला लागलं. पहिल्यांदा फुंकर मारून बघितली, तर माझी टोपी गेली आत. ओढून घेतली हेडनं. तोंडानं फुंकतोय मी, आणि खेचतंय ते!"

"टोपी?" व्याही पुढं सरकले.

"अजून मिळालेली नाही."

काकूंनी कपाळावर हात मारला. पण व्याह्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठंतरी विरघळत चालला होता. हेडमास्तरांना तो क्षण ओळखता येत असे. ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात आणि परत खाली यायला विसरतात. बरोबर आहे. म्हाताऱ्या पुरुषाचा छंद तो. सुनेचा हात नव्हे. माफ करता येण्यासारखं होतं. हँडब्रेकनं तर आनंदानं दुसऱ्यांदा चहा ओतायला घेतला.

"पण खरी जागा दिसतच नाही," हेडमास्तर रंगात येऊन म्हणाले. त्यांनी हेड स्वतःकडं वळवलं. "हे बघा. पोर्ट असा सरळ जातो आणि आत वळतो. त्या वळणावर हे व्हॉल्व्हचं गाइड, त्याची दांडी धरणारी नळी, उभं. गाइडच्या मागं एवढीशी फट. सगळी मेख तिथं आहे. तिथं हवा अडखळली तर बाहेर कितीही चकचकीत करा, शून्य. हत्याराचं टोक पोचतं, डोळा पोचत नाही. मग काय करायचं? बोट घालायचं, डोळे मिटायचे, आणि विचारायचं धातूला, कुठं दुखतंय? मी रात्रभर विचारत होतो. बोट काढ, घास, बोट घाल. बोट काढ, घास, बोट घाल."

"वा," व्याही म्हणाले. "आम्ही मुळांना असंच बघतो."

"बघा! एकाच जातीची माणसं आपण."

"हे सगळं तुम्ही केलंत?"

हा आवाज कोणाच्या ओळखीचा नव्हता. विहीणबाई बोलल्या होत्या.

"मी," हेडमास्तर म्हणाले.

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "मग लग्न मोडलं," त्या म्हणाल्या.

हँडब्रेकच्या हातातला चहा बशीत, बशीतून पायावर गेला. तो ओरडलासुद्धा नाही.

"अहो, पण ते तर म्हणतायत पोरीनं हात..." व्याही गडबडले.

"तेच तर. मला वाटलं, पोरीनं केलंय." विहीणबाई उठल्या. "लग्न झाल्यापासून मी तो ट्रॅक्टर चालवतेय. आजवर एक सायकलवाला मागं टाकलेला नाही. शाळेतली पोरं चालत पुढं जातात, मागं वळून मला टाटा करतात. त्या दिवशी पाय दाबला आणि पहिल्यांदा पाठ सीटला टेकली. असं वाटलं, असं वाटलं... जाऊ दे. शेड मागून येतंय ते मला फाटकातच कळलं होतं."

"कळलं होतं?" व्याही म्हणाले. "मी आत आहे हेही?"

"तेही."

"मग थांबलात का नाही?"

"कशाला थांबू? तुम्ही छान कलमं बांधत होतात." त्या हेडमास्तरांकडं वळल्या. "चार दिवस मी गप्प होते ते रागानं नाही. विचार करत होते. पंपाचं इंजिन आहे, जुना जनरेटर आहे. मनाशी म्हटलं, असला हात घरात येणार असेल तर लग्न लवकर उरकायचं. आणि इथं येऊन ऐकते तर हात तुमचा. आता तुम्हाला थोडंच सून म्हणून नेता येतं? आमच्या मुलालाही चालणार नाही."

हेडमास्तरांना डाव्या बाजूला व्याही दिसत होते, ज्यांना पोरीचा हात नको होता. उजव्या बाजूला विहीणबाई, ज्यांना दुसरं काही नको होतं. आपण केलं म्हटलं तर उजवीकडून मोडतं, तिनं केलं म्हटलं तर डावीकडून. त्यांनी गोष्टीसाठी मनात हात घातला. तिथं काही लागेना. इतकी वर्षं भरलेलं कोठार, आणि आत नुसती जमीन.

ठिणगी आता पोर्टवर हक्क सांगत नव्हती. ती काकांकडं फक्त बघत होती. तेच जास्त जड गेलं.

"मीच," हेडमास्तर म्हणाले. सवय दुसरं काय! तोंडातून निघालं ते निघालं. "या बोटानं."

"दाखवा."

"हे काय, हे."

"ते नव्हे. घाला. ती गाइडमागची फट म्हणालात ना, तिथं. रात्रभर घालत होतात ना, घाला."

हेडमास्तर हसले, पण एकटेच. त्यांनी बाही सारली, बोट पोर्टमध्ये घातलं. सरळ वाट ठीक गेली. वळण आलं. जन्मभर पाना आवळून जाड झालेलं ते बोट गाइडला टेकलं आणि थांबलं. त्यांनी जरा वाकवलं. जरा रेटलं. घाम आला. "थंडीनं हेड आकसलंय," ते म्हणाले. आणखी रेटलं. मग परत ओढलं, तर बोट येईना. त्यांनी मनगट उचललं आणि त्याबरोबर अख्खं हेड टेबलावरून वीतभर वर आलं.

व्याही उभे राहिले. काकूंनी तेलाची बुधली शोधायला सुरुवात केली. हँडब्रेक, पाय चहानं भाजलेला, भावाच्या कोपराखाली खांदा देऊन हेड तोलू लागला आणि तेवढ्यातही म्हणाला, "वारा, वाऱ्यानं सुजतं बोट."

ठिणगी पुढं आली. "काका, हलू नका. सैल सोडा. हेड टेबलावर टेकवा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूनं, व्हॉल्व्हच्या सीटच्या भोकातून, तिनं आपलं बोट आत घातलं. ते गाइडला वळसा घालून, न बघता, घरातल्या अंधारात दिव्याचं बटण सापडावं तसं नेमकं त्या फटीत गेलं, आणि तिथून तिनं काकांचं बोट बाहेरच्या बाजूला ढकललं. ते बुचासारखं सुटलं.

विहीणबाई ते दोन्ही हात बघत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला टेबलापाशी ओढलं. त्या ओढण्यात काय ताकद होती ते व्याह्यांच्या चपलांनी फरशीवर लिहून ठेवलं.

"खोटं!" त्या म्हणाल्या, आणि तो आवाज अंगणातल्या ट्रॅक्टरपर्यंत गेला. "अहो, ऐकताय ना? धडधडीत खोटं बोलतायत हे. हे हेड आपल्या सुनेनं केलंय."